व्हायरस सापडतो, पण निघत नाही: फोल्डरच्या परमिशन तपासायची आणि लावायची रीत

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे सीए ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. इंदूरमध्ये रामबागेजवळच्या अशाच एका ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळते. एक सर्व्हर, नऊ पीसी. तिथले जुने अकाउंटंट काका एका सकाळी मला म्हणाले, "ताई, अँटिव्हायरसचे पैसे आपण वेळेवर भरले ना? मग हा रोज नुसता ओरडतो का? काढत का नाही?"

पाहिलं तर खरंच, एकच एक्सेल फाइल रोज लाल अक्षरांत येत होती. व्हायरस सापडला, काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोष अँटिव्हायरसचा नव्हता. मागच्या वर्षांची, काम संपलेली कागदपत्रं चुकून पुसली जाऊ नयेत म्हणून कुणीतरी त्या फोल्डरवर "कुणीही काही डिलीट करू नये" अशी मनाई लावून ठेवली होती. हेतू चांगला होता, पण ती मनाई माणसांइतकीच अँटिव्हायरसलाही लागू झाली होती.

काकांना मी कचरा गाडीचं उदाहरण दिलं. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर आलेलं आपलं शहर, गाडी रोज गल्लीत येते, गाणं वाजतं. पण फाटकाला कुलूप असेल आणि डबा आत असेल तर गाडीवाला कचरा उचलणार कसा? डबा त्याला जाळीतून दिसत असतो, तरी काही करता येत नाही. काकांना लगेच पटलं. पुढचा सगळा लेख त्या कुलपाबद्दलच आहे: ते कुठे असतं, कुणी लावलेलं असतं, आणि सगळ्या गल्लीला घर उघडं न टाकता गाडीवाल्यापुरती किल्ली कशी द्यायची.

ऑफिस, शाळा किंवा क्लासचे कॉम्प्युटर ज्यांच्या गळ्यात नुकतेच पडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. विंडोज १० किंवा ११ आणि त्यासोबतचा सर्व्हर गृहीत धरला आहे.

अँटिव्हायरस कुणाच्या नावाने काम करतो

विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्राम कुठल्या तरी खात्याच्या नावाने चालतो. आपण वर्ड उघडलं की ते आपल्या नावाने चालतं. अँटिव्हायरसची मुख्य सर्व्हिस मात्र साधारणपणे "सिस्टिम" नावाच्या खात्यावर चालते. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचंही तसंच आहे. खात्री करायची असेल तर स्टार्टमध्ये "सर्व्हिसेस" टाइप करा, यादीत आपला अँटिव्हायरस शोधा आणि "लॉग ऑन ॲज" हा रकाना वाचा. तिथे "लोकल सिस्टिम" दिसलं की कुणाला किल्ली द्यायची ते कळलं.

सिस्टिम हे माणसाचं खातं नाही. त्याला पासवर्ड नाही, त्या नावाने लॉगिन करून कुणी खुर्चीत बसत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण साहेबांच्या पगारपत्रकाच्या फोल्डरला हात लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे आता ते कोण कोण वाचणार?" सिस्टिमला परवानगी दिली म्हणून शेजारच्या टेबलावरचा क्लार्क तो फोल्डर उघडू शकत नाही. ही गोष्ट मालकाला आधीच शांतपणे समजावून सांगा, पुढची अर्धी कटकट वाचते.

आता "दिसतो पण निघत नाही" असं का होतं? यूजर एखादी फाइल उघडतो तेव्हा रिअल टाइम संरक्षण विंडोजच्या आतल्या थरात बसून ती वाचतं. यूजरला फाइल उघडता येते, म्हणून तपासणीही होते. साफ करणं हे वेगळं काम आहे. फाइल दुरुस्त करायला लिहिण्याची परवानगी लागते. क्वारंटाइन करायचं म्हणजे फाइल बंदिस्त जागी ठेवून मूळ जागेवरून पुसायची, त्याला डिलीटची परवानगी लागते. नुसती "रीड" असेल तर अँटिव्हायरस फक्त तक्रार करू शकतो. आणि रीडही नसेल, तर रात्रीच्या ठरलेल्या स्कॅनमध्ये तो फोल्डर वगळला जाऊन अहवाल "सर्व ठीक" असा येऊ शकतो. मला स्वतःला रोज ओरडणाऱ्या अँटिव्हायरसपेक्षा या गप्प बसणाऱ्याची जास्त भीती वाटते.

पायरी १: दुखणं परमिशनचंच आहे का, ते आधी बघा

डिफेंडर असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडून "प्रोटेक्शन हिस्टरी" बघा. "रेमेडिएशन इनकंप्लीट" असं लिहिलेलं असेल तर फाइलचा पूर्ण पत्ता टिपून घ्या. आणखी नेमकं हवं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर, ऑपरेशनल अशा क्रमाने जा. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो: १११६ म्हणजे व्हायरस सापडला, १११७ म्हणजे कारवाई झाली, १११८ आणि १११९ म्हणजे कारवाई फसली. १११६ च्या मागोमाग १११८ येत असेल तर आपण बरोबर वाटेवर आहोत. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या रिपोर्टमध्ये "ॲक्सेस डिनाइड" हे शब्द शोधा.

पण प्रत्येक फसलेल्या कारवाईमागे परमिशन नसते. फाइल कुणाच्या तरी पीसीवर उघडी असेल तर ती अडकून राहते, सगळ्यांना ती बंद करायला सांगा आणि पुन्हा स्कॅन करा. झिप फाइलला पासवर्ड असेल तर आतलं काही काढता येत नाही. फाइलच्या आयकॉनवर छोटं कुलूप दिसत असेल तर ती विंडोजच्या एन्क्रिप्शनने बंद केलेली आहे. अशा फाइलला सिस्टिमला फुल कंट्रोल देऊनही उपयोग नाही, ज्याने बंद केली त्यानेच लॉगिन करून उघडली पाहिजे. आणि अँटिव्हायरसच्या "एक्सक्लूजन्स"ची यादी जरूर बघा. टॅली हळू चालतं म्हणून बसवायला आलेला माणूस टॅलीच्या डेटाचा फोल्डर, कधी कधी पूर्ण डी ड्राइव्हच, त्या यादीत टाकून जातो. मग परमिशन कितीही नीट असो, तिथे तपासणीच होत नाही.

पेन ड्राइव्हची गोष्ट निराळी. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, आणि त्या पद्धतीत अशा परमिशन मुळातच नसतात. प्रॉपर्टीजमध्ये "सिक्युरिटी" हा टॅबच दिसणार नाही. हे सगळं फक्त एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर चालतं, विंडोजची हार्ड डिस्क साधारणपणे त्याच पद्धतीची असते.

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ खाते ती चूक वेगळीच आहे. पीसीवर "झेड" नावाचा नेटवर्क ड्राइव्ह दिसतो, त्यातली फाइल पीसीवरचा अँटिव्हायरस साफ करत नाही, म्हणून माणूस पीसीवरच डोकं फोडत बसतो. तो झेड ड्राइव्ह यूजरच्या लॉगिनपुरता जोडलेला असतो. पीसीवरच्या सिस्टिम खात्याला तो दिसतच नाही. नेटवर्कवर गेल्यावर सिस्टिमची ओळख त्या पीसीची असते आणि डोमेन (सगळ्या पीसींची खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) नसलेल्या ऑफिसात ती ओळख सर्व्हर मानत नाही. म्हणून नियम असा ठेवा: फाइल ज्या मशीनच्या हार्ड डिस्कवर आहे, साफसफाई त्याच मशीनवरच्या अँटिव्हायरसने करायची. सर्व्हरवर अँटिव्हायरस नसेल तर आधी तो बसवा.

पायरी २: आहे ती स्थिती टिपून ठेवा

बॅकअप घ्या. तो झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग फोल्डरच्या सध्याच्या परमिशन जपून ठेवा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आय, सी, ए, सी, एल, एस या सहा अक्षरांची कमांड विंडोजमध्ये आधीपासून असते. तिच्या "सेव्ह" पर्यायाने पूर्ण फोल्डरच्या परमिशन एका फाइलमध्ये उतरतात आणि "रिस्टोअर" पर्यायाने परत लावता येतात. रिस्टोअर करताना त्या फोल्डरचा नाही, त्याच्या एक पायरी वरच्या फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो, नाहीतर "फाइल सापडली नाही" असं म्हणत कमांड थांबते. शिवाय यात फोल्डरचा मालक (ओनर) कोण, म्हणजे तो कुठल्या खात्याच्या नावावर आहे, हे उतरत नाही. ते वेगळं लिहून ठेवा. कमांडची धास्ती वाटत असेल तर पुढच्या पायरीत उघडणाऱ्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढा. तेवढंही पुष्कळ कामाला येतं.

पायरी ३: यादी वाचायला शिका

फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. पुढे जे काही करायचं ते याच खिडकीत, म्हणून इथे घाई करू नका. वर मालकाचं नाव असतं, खाली रांगा. प्रत्येक रांगेत चार गोष्टी वाचायच्या: परवानगी आहे की मनाई, कुणाला, किती, आणि ती याच फोल्डरवर लावली आहे की वरच्या फोल्डरकडून वारशाने आली आहे.

आधी "सिस्टिम"ची रांग शोधा. तिथे "फुल कंट्रोल" आणि "धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स" असं हवं. फक्त "धिस फोल्डर ओन्ली" असेल तर दार उघडं आणि आतल्या खोल्या बंद असा प्रकार होतो.

मग "डिनाय"च्या रांगा शोधा. आमच्या सीए ऑफिसात नेमकी हीच निघाली: "एव्हरीवन" या गटाला "डिलीट" आणि "डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स" या दोन्हींची मनाई. एव्हरीवन म्हणजे ऑफिसातली सगळी माणसं, असं लावणाऱ्याला वाटलं असणार. पण सिस्टिम खातंसुद्धा एव्हरीवनमध्येच मोडतं. आणि एकाच पातळीवर परवानगी आणि मनाई समोरासमोर आल्या तर मनाई जिंकते. क्रम असा आहे: थेट लावलेली मनाई, मग थेट दिलेली परवानगी, मग वारशाने आलेली मनाई, शेवटी वारशाने आलेली परवानगी. हा क्रम पाठ करून ठेवा, अर्धी कोडी त्यातच सुटतात.

यादीत "अकाउंट अननोन" आणि पुढे एस, १, ५, २१ असा लांबलचक आकडा दिसला तर घाबरू नका. विंडोज नव्याने टाकलं किंवा जुन्या पीसीची हार्ड डिस्क इथे जोडली की असं होतं, जुनं खातं राहिलेलं नसतं आणि त्याचा क्रमांक मागे उरतो.

परमिशन बिघडण्याचं आणखी एक कारण रोजच्या कामात दडलेलं असतं. फाइल कॉपी केली तर ती नव्या फोल्डरच्या परमिशन घेते. त्याच ड्राइव्हवर कट करून दुसरीकडे पेस्ट केली तर जुन्या परमिशन सोबत घेऊन जाते. एका फोल्डरमध्ये शंभर फाइल ठीक आणि दोनच अडलेल्या दिसल्या की मी आधी विचारते, या दोन कुठून आणल्या?

पायरी ४: किल्ली द्या

मनाईची रांग दिसली असेल आणि ती याच फोल्डरवर लावलेली असेल तर निवडा आणि "रिमूव्ह" करा. वारशाने आलेली असेल तर ती इथे निघणार नाही. ज्या वरच्या फोल्डरवर लावली आहे तिथे जाऊन काढावी लागते.

सिस्टिमची रांगच नसेल तर "ॲड" दाबा, "सिलेक्ट अ प्रिन्सिपल" वर जा, रोमन लिपीत सिस्टिम टाइप करून "चेक नेम्स" दाबा. नावाखाली रेघ आली की ओके. प्रकार "अलाउ", लागू "धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स", आणि "फुल कंट्रोल"वर खूण. फोल्डर मोठा असेल तर थोडा वेळ लागतो, मध्येच खिडकी बंद करू नका. विंडोज स्वतः यूजरचे फोल्डर तयार करतं तेव्हा सिस्टिमला फुल कंट्रोलच देतं. आपण काही जगावेगळं करत नाही, काढलेली गोष्ट परत जागेवर ठेवतो आहोत.

खाली एक चौकट दिसेल, "रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज" अशी सुरू होणारी. त्यावर सवयीने खूण करू नका. ती केली की आतल्या प्रत्येक फोल्डरवर वेगळ्या लावलेल्या परमिशन पुसल्या जाऊन सगळीकडे वरच्याच लागतात. "ग्राहक" फोल्डरच्या आत साहेबांचा "खासगी" फोल्डर असेल तर एका क्लिकमध्ये तो सगळ्यांना उघडा होतो. आधी आत काय काय आहे ते नजरेखालून घाला, मगच ठरवा.

कधी कधी परमिशनची यादीच दिसत नाही, "तुम्हाला बघण्याची परवानगी नाही" असं येतं. तेव्हा मालकी घ्यावी लागते. वरच्या "ओनर" समोर "चेंज" दाबा आणि स्वतःचं नाव न देता "ॲडमिनिस्ट्रेटर्स" हा गट द्या. "रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स" वर खूण करा, ओके करून सगळ्या खिडक्या बंद करा आणि पुन्हा उघडा. आता यादी दिसेल, सिस्टिमची रांग घालता येईल. काम झालं की मालकी ज्याची होती त्याला परत द्या. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. डिस्कवर कुणी किती जागा वापरायची याची मर्यादा लावलेली असेल तर ती मालकाच्या नावे मोजली जाते. आणि सर्व्हरवरच्या यूजर फोल्डरांचं काय होतं ते पुढे सांगते.

एक सापळा मात्र रोज समोर येतो. बंद फोल्डरवर डबल क्लिक केलं की विंडोज म्हणतं, "परवानगी नाही, कायमची मिळवायची तर कंटिन्यू दाबा." दाबू नका. त्याने तुमचं वैयक्तिक खातं त्या फोल्डरच्या यादीत कायमचं घुसतं. अँटिव्हायरसला काहीच मिळत नाही, आणि उद्या तुम्ही नोकरी सोडली की तिथे आणखी एक "अकाउंट अननोन" उरतो.

"एव्हरीवन, फुल कंट्रोल" का नको

जेल रोडवरच्या कुठल्याही दुकानात विचारा, फोनवर हाच उपाय सांगतील, आणि तो चालतोही. तरी मी तो करू देत नाही. एका पीसीवर फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर तो त्या पीसीवरच्या यूजरच्या परवानगीने काम करतो. त्या यूजरला सर्व्हरच्या तीन फोल्डरांत लिहिता येत असेल तर नुकसान तीन फोल्डरांचं. एव्हरीवनला फुल कंट्रोल असेल तर पूर्ण सर्व्हरचं. अँटिव्हायरसची सोय व्हावी म्हणून व्हायरसचीच सोय करून ठेवण्यासारखं आहे ते. यूजरला त्याच्या कामाच्या फोल्डरवर "मॉडिफाय" (वाचणं, लिहिणं, पुसणं) पुरतं. फुल कंट्रोल सिस्टिमला आणि ॲडमिनिस्ट्रेटर्सना.

शेअरिंगचा टॅब आणि सिक्युरिटीचा टॅब वेगळे आहेत हेही लक्षात ठेवा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यातली जी कडक असेल ती चालते. सर्व्हरवरच बसलेल्या अँटिव्हायरसचा शेअरिंगशी संबंध नाही, त्यामुळे तिथे काही ढिलं करू नका.

जिथे हात लावायचा नाही

विंडोजचा फोल्डर, प्रोग्राम फाइल्स, आणि सी ड्राइव्हचं मूळ. यांची मालकी घेऊन परमिशन बदलल्या तर अपडेट अडतात, प्रोग्राम बंद पडतात, आणि शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागतं.

यूजरच्या फोल्डरमध्ये लपलेल्या फाइल दाखवल्या की "ॲप्लिकेशन डेटा", "माय डॉक्युमेंट्स" असे फिकट फोल्डर दिसतात आणि उघडले की "ॲक्सेस डिनाइड" म्हणतात. नवख्याला वाटतं, हाच तो बिघाड. नाही. ते खरे फोल्डर नाहीत, जुन्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या वाटा आहेत, आणि त्यांच्यावर एव्हरीवनला मनाई विंडोजनेच लावलेली असते. ती काढली तर त्याच फोल्डरात पुन्हा पुन्हा फिरणारी साखळी तयार होते आणि बॅकअप, कॉपी सगळं त्यात अडकतं.

सर्व्हरवर यूजरचे डॉक्युमेंट्स असतील तर

डोमेन असलेल्या मोठ्या ऑफिसात यूजरचा डॉक्युमेंट्स फोल्डर सर्व्हरवर वळवलेला असतो. त्यासाठीच्या ग्रुप पॉलिसीत (सर्व्हरवरून सगळ्यांना लावलेल्या नियमांत) "यूजरला एकट्यालाच हक्क द्या" ही खूण आधीपासून असते. त्यामुळे फोल्डरवर यूजर आणि सिस्टिम दोघंच राहतात, ॲडमिनिस्ट्रेटर बाहेर. सिस्टिम आत असल्याने अँटिव्हायरसचं काम इथे चालायला हवं. बिघडतं ते आपण मध्ये पडल्यावर. कुणी आत डोकावण्यासाठी मालकी घेतो आणि परत देत नाही, की यूजरच्या पुढच्या लॉगिनला विंडोज मालक तपासतं, वेगळा दिसला तर फोल्डर वळवायला नकार देतं, आणि यूजर सांगत येतो, "माझ्या सगळ्या फाइल गेल्या." फाइल जागेवरच असतात. मालकी परत द्या, लॉगआउट करून लॉगिन करायला सांगा.

पायरी ५: करून बघा

खरा व्हायरस घेऊन चाचणी कधीच करू नका. अँटिव्हायरस कंपन्यांनी मान्य केलेली "आयकार" नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते. ती आयकार संस्थेच्या साइटवर मिळते. तिने कशालाही इजा होत नाही, पण अँटिव्हायरस तिला व्हायरसच समजतो. ज्याच्या फोल्डरची तक्रार होती त्याच यूजरच्या लॉगिनमधून ती तिथे ठेवा. काही क्षणांत नाहीशी झाली आणि सर्व्हरवर १११७ ची नोंद आली तर किल्ली लागली. मग त्या एकाच फोल्डरचं कस्टम स्कॅन चालवा, म्हणजे आधी अडलेल्या जुन्या फाइलही निघतील.

त्यानंतर ॲडव्हान्स्डमधल्या "इफेक्टिव्ह ॲक्सेस" टॅबमध्ये एखाद्या साध्या यूजरचं नाव घालून त्याला नको तिथे काही जास्त मिळालं नाही ना, हे बघा.

काकांच्या ऑफिसात मनाईची रांग काढली, पण मुळातली गरज खरीच होती: जुनी कागदपत्रं पुसली जायला नकोत. म्हणून त्या फोल्डरवर ऑफिसच्या लोकांना फक्त वाचण्याची परवानगी ठेवली, सिस्टिमला फुल कंट्रोल दिला आणि रात्रीचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर लावला. चालू वर्षाच्या फोल्डरवर मात्र हा उपाय चालत नाही. एक्सेल सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल बनवतं, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतं. डिलीट नसेल तर सेव्हच होत नाही. तिथे मॉडिफायच द्यावं लागतं आणि भरवसा बॅकअपवर ठेवावा लागतो.

त्याच संध्याकाळच्या स्कॅनमध्ये ती एक्सेल फाइल निघाली. सोबत आणखी दोन निघाल्या, ज्यांचा रोजच्या यादीत पत्ताच नव्हता. तिन्ही सियागंजच्या एका व्यापाऱ्याने पेन ड्राइव्हमधून आणून दिलेल्या होत्या. काकांनी तिथेच फोन लावला, "भैया, आपका पेन ड्राइव्ह और दुकान का कम्प्यूटर, दोनों आज ही चेक करवाइए," आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, पुढच्या मंगळवारी तुम्हीच जाऊन या एकदा."